सांब्र्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) टॉवरपासून परदेशातल्या टॉवरपर्यंत: एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) म्हणून बाहेर जायचं तर काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

मार्कंडेयकाठ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून 'एटीसी होऊन दुबईला कसं जायचं' ही विचारणा वरचेवर होते आणि उत्तरं पाच ठिकाणी विखुरलेली राहतात. म्हणून सगळं एका धाग्यात. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

पहिली गोष्ट म्हणजे एटीसीचं लायसन्स खिशात घालून देश बदलता येत नाही. लायसन्स, त्यावर रेटिंग (कोणत्या प्रकारचं नियंत्रण करता येतं ते) आणि रेटिंगखाली युनिट (ते कुठल्या केंद्रात) अशी ती उतरंड आहे. मुंबईत रडार अप्रोच (विमानतळाकडे येणारी आणि तिथून निघालेली विमानं रडारवर बघणं) सांभाळणारा माणूस बदलीनं चेन्नईला गेला तरी तिथे हेडसेट लावून एकट्यानं बसू शकत नाही. तिथल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली तास भरायचे, तिथली परीक्षा द्यायची, मगच खुर्ची. देशातल्या देशात ही गत, मग परदेशात तुमचं भारतीय लायसन्स फक्त दारापर्यंत नेतं हे उघड आहे. आत गेल्यावर त्यांच्या नियमांचा पेपर, त्यांचं मेडिकल, सिम्युलेटर, ओजेटी (प्रत्यक्ष खुर्चीतलं प्रशिक्षण) आणि शेवटी युनिट चेक (त्या केंद्राची परीक्षा) हे सगळं आहेच.

दुसरी गोष्ट, कोरी पाटी घेऊन थेट परदेशात शिकाऊ एटीसी होण्याचे रस्ते जवळपास बंद आहेत. अमेरिकेत एफएएला, म्हणजे तिथल्या विमान प्रशासनाला, अमेरिकन नागरिकच लागतो, तोही वयाची ३१ पूर्ण व्हायच्या आत. कॅनडात एटीसी सेवा देणारी नॅव्ह कॅनडा नागरिक किंवा कायम रहिवासी घेते. ब्रिटनमध्ये तशाच नॅट्स या कंपनीच्या शिकाऊ भरतीत तिथे काम करायचा हक्क आधीपासून असावा लागतो. युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या संस्थेच्या मास्ट्रिख्ट केंद्राला सदस्य देशांचं नागरिकत्व लागतं. तेव्हा बारावीनंतर 'परदेशात एटीसी कोर्स आणि नोकरी' अशी जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न हा विचारा: हक्क कुणाचा, व्हिसा कुणाचा?

उरतो तो लांबचा पण खरा रस्ता. भारतीय विमानतळ प्राधिकरणात, म्हणजे एएआयमध्ये, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) म्हणून लागायचं, सर्व्हेलन्स रेटिंग (रडारच्या पडद्यावर काम करायचं) मिळवायचं, काही वर्षं खुर्चीत काढायची आणि मग आखातातल्या किंवा इतर ठिकाणच्या 'अनुभवी नियंत्रक हवेत' या जाहिरातींना अर्ज करायचा. नागरी एटीसीसाठी भारतात मुख्य मालक एएआयच.

एएआयची अट: बीएस्सी असेल तर फिजिक्स आणि गणित दोन्ही विषय, बीई किंवा बीटेक असेल तर शाखा कुठलीही, पण एखाद्या सेमिस्टरला फिजिक्स आणि गणित असायला हवं. वय कमाल २७, आरक्षित प्रवर्गांना सवलत. संगणकावरची परीक्षा १२० प्रश्नांची, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निम्मा भाग इंग्रजी, बुद्धिमत्ता, अंकगणित, सामान्यज्ञान, निम्मा फिजिक्स-गणित. पुढे कागदपत्र तपासणी, आवाज चाचणी, मानसिक चाचणी, अमली पदार्थांची चाचणी आणि मेडिकल. जागा दर भरतीला बदलतात: २०२३ ला ४९६ होत्या, २०२५ ला ३०९. वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० ची. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाला.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक बरं: ही केंद्राची नोकरी आहे. कन्नडची अट नाही, मराठीचीही नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते.

---

निपाणी_नाका

बीसीए चालतं का? आणि व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाच्या) बीईवाल्यांना फिजिक्स एकाच सेमिस्टरला असतं, तेवढ्यावर भागतं का?

---

मार्कंडेयकाठ

बीसीए नाही चालत. बीएस्सी लागते आणि तिच्यात फिजिक्स व गणित दोन्ही. बीएस्सीला केमिस्ट्री-बायॉलॉजी घेतलेल्यांचीही गाडी इथेच अडते. म्हणून पीयूसीनंतर (कर्नाटकातल्या बारावीनंतर) कॉम्बिनेशन निवडतानाच ठरवा, तिसऱ्या वर्षाला आठवून उपयोग नाही.

व्हीटीयूवाल्यांना भागतं. पहिल्या वर्षी फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल असते, त्यातल्या फिजिक्स सायकलच्या मार्क्स कार्डावर विषयाचं नाव स्पष्ट पाहिजे. कागदपत्र तपासणीला फक्त शेवटच्या वर्षाचे मार्क्स घेऊन जाणारे नेमके इथे अडकतात. सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं मूळ प्रतीत न्या. बॅकलॉग असेल तर ते पेपर सुटल्याची कार्डंही.

---

हेडसेट

वरच्या पोस्टमध्ये 'सर्व्हेलन्स रेटिंग' सहज येऊन गेलं, पण सगळी मेख तिथेच आहे. रेटिंगचे प्रकार: एरोड्रोम म्हणजे टॉवर, अप्रोच प्रोसिजरल आणि अप्रोच सर्व्हेलन्स, आणि एरिया, म्हणजे विमानतळांपासून दूर मार्गावर असलेल्या विमानांसाठी, तेही प्रोसिजरल आणि सर्व्हेलन्स. प्रोसिजरल म्हणजे रडारशिवाय, वैमानिकानं सांगितलेली जागा, वेळ आणि उंची यांवर अंतर राखणं. सर्व्हेलन्स म्हणजे पडद्यावर बघून.

आखाती जाहिरातींत बहुतेक वेळा रडार अप्रोच किंवा रडार एरियाचा अनुभव मागतात, आणि तोही चालू रेटिंगवरचा, अनेकदा तीन ते पाच वर्षांचा. ज्याची सगळी नोकरी कमी वर्दळीच्या टॉवरमध्ये आणि प्रोसिजरल अप्रोचवर गेली, तो कितीही हुशार असला तरी त्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच पडतो. म्हणून पहिलं पोस्टिंग घराजवळ मिळावं म्हणून धडपडू नका. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर ऐकायला गोड वाटतं, आईच्या हातचं जेवण मिळतं, पण बाहेर जायचं असेल तर मुंबई, चेन्नई, बेंगळूर, हैदराबाद अशा मोठ्या युनिटमधली वर्षंच कागदावर वजन देतात.

विमानांची संख्याच नव्हे, त्यांची जातही बदलते. छोट्या विमानतळावर बहुतेक एटीआर, एम्ब्रेअर, ए३२०, म्हणजे वेक टर्ब्युलन्सच्या (विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांच्या) हिशेबात सगळी मिडियम वजनगटातली. दुबईत रांगेत ए३८० असतं. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या) तक्त्यात त्याच्या मागे हेवी असेल तर ५ मैल, मिडियम ७, लाइट ८ (सागरी मैल). साध्या हेवीमागे हेवीला ४, मिडियमला ५, लाइटला ६. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, मिसळलेल्या रांगेत कुणाला कुणाच्या मागे घातलं की किती जागा वाया जाते, हे चार सेकंदांत सुचणं वेगळं. मुलाखतीतल्या सिम्युलेटरवर तेच बघतात.

---

राजहंसगड

आखातात नेमकं कोण घेतं ते पण लिहा की ओ.

---

हेडसेट

यूएईमध्ये नियामक जीसीएए. अबुधाबीचं शेख झायेद केंद्र एरिया कंट्रोल सांभाळतं. विमानतळांवर दुबई एअर नॅव्हिगेशन सर्व्हिसेस, अबुधाबीची ग्लोबल एअर नॅव्हिगेशन सर्व्हिसेस, आणि सर्कोसारख्या कंत्राटी कंपन्या. कतारमध्ये क्यूसीएए, तिथलं नागरी विमान प्राधिकरण. ८ सप्टेंबर २०२२ ला दोहा एफआयआर (फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, म्हणजे एका केंद्राच्या ताब्यातला आकाशाचा पट्टा) स्वतंत्र झालं, त्याआधी ते आकाश बहारीनकडे होतं. नवं एफआयआर झालं की नव्या खुर्च्या लागतातच. बहारीन आणि ओमान यांच्या जाहिरातीही येतात. सौदीत स्थानिकांनाच प्राधान्य, त्यामुळे तिकडे डोळे लावून बसू नका.

जाहिरात नेहमी त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. मध्ये एजंट असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तपासा. नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. लाखात रक्कम सांगितली की तिथेच उठा.

---

खानापूरकर

एक विरोधी मत. एएआयची वाट बघत वयाची सत्ताविशी गाठण्यापेक्षा न्यूझीलंड किंवा युरोपमध्ये स्वतःच्या पैशानं कोर्स करून विद्यार्थी लायसन्स घेतलं तर? काही संस्था बाहेरच्यांना घेतात.

---

मार्कंडेयकाठ

घेतात, पैसेही घेतात. पण कोर्स संपल्यावर हातात काय पडतं ते बघा. युरोपीय पद्धतीत ते 'स्टुडंट' लायसन्स असतं. त्यावर युनिट एंडॉर्समेंट (ठरावीक केंद्रात काम करायची नोंद) नाही, म्हणजे एकट्यानं एकही विमान हाताळता येत नाही. ते मिळवायला एखाद्या सेवा-पुरवठादारानं तुम्हाला युनिट ट्रेनिंगवर घेतलं पाहिजे, आणि तो आधी नागरिक किंवा कामाचा हक्क असलेलाच घेणार. शिवाय विद्यार्थी लायसन्स मिळाल्यापासून वर्षभरात त्याचा वापर सुरू झाला नाही, तर तुम्ही अजून त्या पातळीवर आहात का याची पुन्हा तपासणी होते. थोडक्यात, शेतीवर कर्ज काढून घेतलेला कागद वर्षभरात शिळा होऊ लागतो.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कारणानं तिथलं पीआर (कायम रहिवास) आहे, उदाहरणार्थ जोडीदाराच्या नोकरीमुळे, त्यांच्यासाठी हा रस्ता वेगळा आणि खरोखर चांगला आहे. ऑस्ट्रेलियात एअरसर्व्हिसेसचं प्रशिक्षण मेलबर्नला, न्यूझीलंडमध्ये एअरवेजचं ख्राइस्टचर्चला. तिथे पदवीपेक्षा कल चाचणीला (अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला) वजन असतं.

आणि हो, भारतात 'एटीसी डिप्लोमा' देणाऱ्या खाजगी क्लासना लायसन्स देण्याचा अधिकार नाही. एएआयच्या परीक्षेची तयारी करून घेत असतील तर तेवढीच फी योग्य. त्यावर 'दुबई प्लेसमेंट' लिहिलं असेल तर बाकीचे पैसे पाण्यात.

---

व्हिस्की_नव्हे_व्हिक्टर

इंग्रजीचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून हे. मराठी माध्यमातून आलेल्यांची भीती इथे दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करते.

आयईएलटीएस ही व्हिसासाठीची परीक्षा, निकाल दोन वर्षं चालतो. लायसन्सवर लागतं ते आयसीएओ भाषा प्रावीण्य. लेव्हल १ ते ६, कामाला किमान ४. लेव्हल ४ ची मुदत तीन वर्षं, ५ ची सहा. लेव्हल ६ ला आयसीएओच्या हिशेबात मुदत नाही, युरोपात मात्र नियंत्रकांच्या इंग्रजीला नऊ वर्षं. सहा अंगं तपासतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. सरासरी काढत नाहीत. सहापैकी सगळ्यात कमी जी लेव्हल, तीच तुमची. पाच अंगांत ५ आणि उच्चारात ४ असेल तर लायसन्सवर ४.

आपल्याकडच्या जिभेला नडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली 'व'. मराठीत एकच व असल्यामुळे व्हिक्टर आणि व्हिस्की (रेडिओवर V आणि W साठी म्हणायचे शब्द) एका तोंडानं निघतात. एकाला खालचा ओठ दातांना लागतो, दुसऱ्याला दोन्ही ओठ गोल होतात. दुसरी, वाक्याचा शेवट गिळायची सवय. रेडिओवर शेवटचा आकडाच महत्त्वाचा असतो. तिसरी, कन्नड-मराठी मिसळीतून येणारा शब्दाच्या शेवटचा 'उ'. हा बाहेरच्या कानाला वेगळाच शब्द वाटतो.

आकड्यांची गंमत उलटी आहे. नियमानेच थ्रीला 'ट्री' म्हणायचं असतं, फाइव्हला 'फाइफ', नाइनला 'नायनर', थाउजंडला 'टाउसंड'. म्हणजे ज्या 'ट्री'वरून शाळेत छडी खाल्ली जाते, तेच इथे बरोबर. उगाच जीभ दातांत घालून 'थ्री' करू नका.

उच्चार बरोबर असला तरी वाक्प्रयोग देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये फ्लाइट लेव्हल (वरच्या उंचीचा आकडा) देताना 'क्लाइंब' नंतर 'टू' म्हणत नाहीत, कारण टू हा आकडा ऐकू येऊ शकतो. शेवटी शून्य असलेल्या हेडिंगपुढे (दिशेच्या आकड्यापुढे) 'डिग्रीज' जोडतात. अमेरिकेत, कॅनडात दाब हेक्टोपास्कलमध्ये नव्हे तर इंच पाऱ्यात सांगतात. ओजेटीत या बारीक गोष्टीच सुरुवातीचे महिने खातात, कारण दहा वर्षांची सवय तोंडात बसलेली असते.

---

अनगोळची_ताई

मेडिकलबद्दल. एक पैसाही खर्च करण्याआधी हे करून घ्या: डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रंगांची इशिहारा चाचणी, आणि कानांची ऑडिओमेट्री. बेळगावात दोन्ही एका दिवसात होतं. रंग ओळखण्यातली कमतरता बहुधा जन्मजात असते, चष्म्यानं जात नाही, आणि मुलग्यांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळते. अनेकांना ते विशी ओलांडेपर्यंत माहीतच नसतं, कारण रोजच्या जगण्यात अडत नाही.

क्लास ३ (नियंत्रकांच्या) मेडिकलचे आयसीएओचे आकडे: दूरची नजर प्रत्येक डोळ्याला ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६, चष्मा किंवा लेन्स लावून चालतं. चष्मा लागत असेल तर दुसरा जोड हाताशी ठेवायचा. कानाची मर्यादा ५००, १०००, २००० हर्ट्‌झला ३५ डेसिबलपर्यंत आणि ३००० हर्ट्‌झला ५० पर्यंत. डॉल्बीसमोर रात्र-रात्र नाचणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, कारण ऐकण्याची घट वरच्या पट्टीतूनच सुरू होते.

मुदत आयसीएओप्रमाणे चाळिशीपर्यंत ४८ महिने, नंतर २४, पन्नाशीनंतर १२. युरोपात चाळिशीपर्यंत २४ आणि नंतर १२. पण भारतातलं मेडिकल परदेशी नियामक धरून चालत नाही, त्यांच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे पुन्हा करावंच लागतं. तेव्हा इथे बीपी 'जरा वर' आणि साखर 'बॉर्डरला' असेल तर अर्जाआधी सहा महिने त्यावर काम करा.

---

राजहंसगड

कागदपत्रांचा विषय कुणीतरी नीट घ्या. आपल्या भागात सगळा घोळ तिथेच असतोय.

---

टिळकवाडी_तिसरा_गेट

घेतो. हा भाग लांब होणार.

नाव. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव एका क्रमानं, जन्मदाखल्यावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, कुठे कानडी लिपीतून इंग्रजी करताना एक अक्षर जास्त. भारतात हे खपून जातं. लायसन्स पडताळणीत खपत नाही, कारण तिथे पासपोर्ट, पदवी, लायसन्स आणि मेडिकल ही चार कागदं एकमेकांशी अक्षरशः ताडतात. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जे नाव, तेच डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान नियामकाच्या) लायसन्सवर. एएआयचा अर्ज भरतानाच हे जुळवा, नंतर बदलणं म्हणजे प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, राजपत्र आणि मग प्रत्येक खात्याच्या पायऱ्या.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नको. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देत नाही. मुलाखतीला बोलावलं तर तो व्हिसाच लागतो.

गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेलगामचं बेळगावी झालं. आधीच्या जन्मदाखल्यावर जुनं नाव, नव्या पासपोर्टवर नवं. यावरून सहसा अर्ज फेटाळत नाहीत, पण शंका काढतात आणि दोन आठवडे जातात. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये लावून ठेवा. फक्त कानडीत असलेला जुना हस्तलिखित दाखला असेल तर तहसील किंवा महापालिकेतून कन्नड-इंग्रजी दोन्ही भाषांतला नवा उतारा काढा. भाषांतर करून नोटरी मारण्यापेक्षा तो बरा.

पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के. इथे सीमाभागाची खास गोम आहे. राज्यस्तरावरचा शिक्का तुम्ही कुठे राहता त्यावर नाही, पदवी कुठल्या राज्यातल्या विद्यापीठानं दिली त्यावर ठरतो. राणी चन्नम्मा, व्हीटीयू किंवा धारवाडची पदवी असेल तर कर्नाटक, म्हणजे बेंगळूर. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरला शिकलेल्यांची शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर महाराष्ट्र, म्हणजे मुंबई. बेंगळूरला जाऊन शिवाजी विद्यापीठाची पदवी पुढे केली की परत पाठवतात. बेळगावातल्याच कॉलेजात शिकलेल्या मोठ्या भावंडांची पदवी धारवाडची असते आणि धाकट्यांची राणी चन्नम्माची, कारण ते विद्यापीठ २०१० ला झालं. एकाच घरातल्या दोघांची विद्यापीठ पडताळणी वेगळ्या दारात.

यूएईसाठी क्रम असा: विद्यापीठाची पडताळणी, राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, यूएई दूतावास आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. बहारीन, ओमान हेग करारात असल्यामुळे तिथे अपोस्टिलवर (त्या करारातल्या देशांत चालणाऱ्या एका शिक्क्यावर) काम भागतं; यूएई, कतारसाठी दूतावास चुकत नाही. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र चालत नाही, दीक्षान्त समारंभाचं मूळ प्रमाणपत्र लागतं. आणि कृपा करून ते लॅमिनेट करू नका. शिक्के मागच्या बाजूला मारतात. लॅमिनेशन सोलताना शाई निघते, मग दुसरी प्रत काढायला विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहायचं.

लग्न झालं असेल आणि कुटुंब नेणार असाल तर विवाह प्रमाणपत्रालाही हाच प्रवास. लग्न गडहिंग्लजला नोंदलं असेल तर महाराष्ट्राचा शिक्का, खानापूरला असेल तर कर्नाटकाचा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट पोर्टलवरून मिळतो. मागच्या वर्षभरात पोस्टिंगच्या गावी राहत असाल तर पडताळणी तिथल्या ठाण्यात जाते, बेळगावचा पत्ता टाकून घाई होत नाही. एएआयची नोकरी असताना पासपोर्ट काढायचा किंवा नूतनीकरण करायचं तर कार्यालयाला दिलेली पूर्वसूचना, म्हणजे परिशिष्ट एच, किंवा ना-हरकत पत्र, म्हणजे परिशिष्ट जी, यापैकी एक लागतं.

---

हेडसेट

वरच्या सगळ्याला एक घड्याळ जोडा. रेटिंग वापरात नसेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत ते निकामी होतं, आयसीएओचा तसा नियम आहे. युरोपात सलग ९० दिवस खुर्चीत बसला नाहीत तरी पुन्हा बसण्याआधी तपासणी. आता चूक काय होते ते बघा. ऑफर आली, माणूस उत्साहात राजीनामा देतो, खुर्चीतून उठतो आणि मग अटेस्टेशनला लागतो. विद्यापीठ, राज्य, दूतावास, व्हिसा, मेडिकल करता करता पाच महिने. तिथे पोहोचेपर्यंत जाहिरातीत मागितलेलं 'चालू रेटिंग' संपत आलेलं. काही मालक थांबतात, काही नाही.

म्हणून अटेस्टेशन ऑफरची वाट न बघता करून ठेवायचं. पदवीवरचे शिक्के शिळे होत नाहीत. आयईएलटीएस, पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल मात्र मुदतीचे, ते शेवटी.

राजीनाम्याआधी आणखी दोन गोष्टी. बाँड: अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे प्रशिक्षणानंतर तीन वर्षांचा, सात लाखांचा. मोडलात तर भरावा लागतो. दुसरी, अनुभवपत्र. 'अमुक काळ नोकरी केली' एवढं पत्र उपयोगाचं नाही. कुठल्या युनिटला, कुठलं रेटिंग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे ओळीओळीनं पाहिजे. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर आयसीएओ कोर्सचे क्रमांक असतात (०५२ म्हणजे एरोड्रोम कंट्रोल), तेही मागतात. लायसन्सची पडताळणी तुम्ही नेऊन द्यायची नसते, एक नियामक दुसऱ्याला परस्पर विचारतो. उत्तर लांबलं तर पाठपुरावा मात्र तुम्हीच करायचा.

---

निपाणी_नाका

ओजेटीत नापास झालं तर खरंच परत पाठवतात?

---

हेडसेट

होय. करारात ओजेटीचे तास ठरलेले असतात. ते संपेपर्यंत एकट्यानं बसण्याची पातळी आली नाही तर थोडे वाढीव तास, मग आढावा समिती, आणि तरीही नाही तर करार संपतो. व्हिसा कराराला बांधलेला, मुलांची शाळा व्हिसाला बांधलेली. म्हणून कुटुंबाला पहिल्याच विमानानं नेऊ नका, युनिट चेक होईपर्यंत घरचं सामान बेळगावातच राहू द्या. करार वाचताना तीन ओळी शोधा: ओजेटीचे तास किती, नापास झाल्यास परतीचा खर्च कुणाचा, आणि प्रशिक्षणाचा खर्च वसूल करायचं कलम आहे का.

माणसं नापास होतात ती ज्ञान कमी म्हणून क्वचितच. स्थानिक पत्र-करार, म्हणजे शेजारच्या सेक्टरला विमान कोणत्या उंचीवर, कोणत्या बिंदूवर सोपवायचं, हे पाठ नसतं. ट्रॅफिक वाढल्यावर आवाजाचा वेग वाढतो, वैमानिक परत विचारतो, फ्रिक्वेन्सी तुंबते. आणि आपल्याकडे वरिष्ठाला 'मला झेपत नाही' म्हणायची सवय नाही. तिथला प्रशिक्षक तुम्ही वेळेवर मदत मागता का यालाच गुण देतो. गप्प राहून निभावलेलं सत्र त्याच्या नोंदीत 'असुरक्षित' म्हणून जातं.

---

टिळकवाडी_तिसरा_गेट

पैशाचं थोडक्यात. यूएईत पगारावर आयकर नाही आणि सेवा सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांना ३०. मूळ पगारावर, एकूण पगारावर नाही. ऑफरमध्ये भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवला असेल तर तो फरक इथे बाहेर पडतो.

नोकरीसाठी देश सोडणाऱ्याच्या भारतातल्या निवासाचे दिवस आर्थिक वर्षात १८२ च्या खाली राहिले तर त्या वर्षी तो अनिवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर २९ सप्टेंबरला १८२ भरतात. जाण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर त्याच्या आत निघा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर त्या वर्षाच्या परदेशी पगाराचा हिशेब इथेही द्यावा लागू शकतो. बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींच्या भारतातल्या पैशाचं खातं) बदलून घ्या आणि परदेशातून पाठवायच्या पैशासाठी एनआरई खातं उघडा.

---

अनगोळची_ताई

सामान भरताना एक. खसखस यूएईत आणि सौदीत बंदी असलेला पदार्थ आहे, अफूच्या बोंडातली बी म्हणून. अनारसे, मसाल्याची पुडी, काळा मसाला, काही लाडू यांत ती असतेच. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधंही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाहीत, खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा वाचून घ्या. एटीसीला आणखी एक कारण: अमली पदार्थांच्या चाचणीत खसखस खाल्लेल्याच्या लघवीत अफूचा अंश लागू शकतो. मेडिकलच्या आधी आठवडाभर ताटात नको.

---

राजहंसगड

मग गोकाकचं करदंट?

---

अनगोळची_ताई

डिंक, सुकामेवा आणि गुळाला हरकत नाही. काही ठिकाणी वरून खसखस लावतात, त्यामुळे डबा उघडून बघा. दिसली तर तो डबा घरच्यांसाठी ठेवा. बेळगावच्या कुंद्याला अडचण नाही, फक्त दुधाचा आहे, चार दिवसांत संपवा.